भलत्याचाच आवाज

१३ मार्च, गुरुवार

उद्या! तीन तिकिटं, मधली रांग, कडेची खुर्ची बाबांना. शूटिंगला घातलेलाच शर्ट आईने इस्त्री करून ठेवलाय. बाबांनी पाटीवर लिहिलं – "कोणी ओळखलं तर सही द्यावी लागेल, पेन घे." घेतलंय.

मला सिनेमाशी काही देणंघेणं नाही. मला त्यातली बाबांची दोन मिनिटं हवी आहेत. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं तेव्हापासून घरात त्यांचा आवाज नाही, आणि कुठे साठवलेलाही नाही. घरचे सगळे व्हिडिओ काढायचे तेच, आणि काढताना श्वाससुद्धा रोखून धरायचे. आमची बडबड भरपूर आहे. त्यांची नाही.

हिरोला जुनी गाडी चालवता येईना म्हणून सिनेमाची मंडळी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आली होती. बाबांचा घोगरा आवाज ऐकून दिग्दर्शक खूश! गॅरेजवाल्याचं कामच देऊन टाकलं. आवाज घोगरा का झालाय, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं. शूटिंगहून परतल्यावर बाबांनी रिपोर्ट आमच्या पुढ्यात ठेवला, आणि पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन.

एकच वाक्य आहे त्यांचं. दोघे रस्ता विचारतात, बाबा म्हणतात – "सरळ जा. चुकलात तरी सरळच जा." घरभर म्हणत फिरायचे. उद्या ऐकायला मिळणार.

१४ मार्च, शुक्रवार

नालायक लोक. आज लिहीत नाही, पान फाटेल.

१५ मार्च, शनिवार

डोकं अजून ठणकतंय. लिहून टाकते.

आधी सिनेमा. एक खडूस निवृत्त न्यायाधीश, एक भुरटा चोर, एक खटारा गाडी. दोघांना कुठल्याशा लग्नाला पोचायचंय. पहिल्या अर्ध्या तासात भांडण, मध्यंतराला गाडी खड्ड्यात, मग लॉजमध्ये एकच खाट, शेवटी मिठी. न्यायाधीश ओकतो – हसा. चोर घोरतो – हसा. पुन्हा ओकतो! यांचं पटत नाही, एवढंच त्या लेखकाला माहीत. का पटत नाही, याचा त्याने एक मिनिटही विचार केलेला नाही. आईचं आणि माझं का पटत नाही यावर याहून बरा सिनेमा निघेल.

आणि गाडी! तो चोर शेजारच्याकडे बघून बोलतोच आहे, बोलतोच आहे, रस्त्याकडे ढुंकून बघत नाही. उतारावर गिअर न्यूट्रलमध्ये. बेल्ट एका क्षणी आहे, दुसऱ्या क्षणी गायब. बाबांनी शिकवलंय याला! माझ्या हाताखाली असता तर परीक्षेलाच बसू दिला नसता.

तेही चालवून घेतलं असतं. मी वाट बघत होते.

गॅरेज आलं. तेलकट फडक्याला हात पुसत बाबा बाहेर आले. आईने माझं मनगट धरलं. बाबा खुर्चीत ताठ झाले. पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि आतून निघाला एक चिरका, बोबडा आवाज. "शलळ जा. चुकलात तली शलळच जा." पिपाणी वाजावी तसा.

अख्खं थिएटर खो खो हसलं. त्या पूर्ण सिनेमात लोक मनापासून हसले ते तिथेच! मागचा एक माणूस मध्यंतरापर्यंत "शलळ जा, शलळ जा" करत होता. मी वळून त्याला म्हटलं, तोंड बंद ठेवायला काय घेशील? त्याची बायको मलाच वेडी म्हणाली.

बाबांचा हात गळ्याकडे गेला होता. मी बघतेय हे कळल्यावर तो खाली आला आणि ते लोकांबरोबर टाळ्या वाजवू लागले. बाहेर पार्किंगमध्ये पाटीवर लिहिलं – "दिसलो मात्र झकास." आई हसली. मी नाही हसले. पेन तसंच पर्समध्ये आहे.

१७ मार्च, सोमवार

सकाळी गाडी शिकायला येणाऱ्या बाईंवर ओरडले. बिचारीने क्लच जरा लवकर सोडला होता, एवढंच. माफी मागितली. बाबा असते तर म्हणाले असते, सोडा हळू, घाई कोणाला आहे. म्हणजे, आहेत. घरीच आहेत. असं लिहून जाते मी.

सिनेमाच्या ऑफिसला फोन केला. एकीने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने धरून ठेवायला सांगितलं, फोन कट. पुन्हा. चौथ्या वेळी इतकी कडाडले की त्यांनी पीडा टळावी म्हणून साउंडवाल्याचा नंबर देऊन टाकला.

१८ मार्च, मंगळवार

साउंडवाल्याला नको नको ते बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला, त्याने आणखीच तळपायाची आग मस्तकात गेली. मग म्हणाला, काका आठवतात मला. त्या दिवशी माळावर वारा सुटला होता, सीनमधला आवाज वापरण्यासारखा नव्हता. डबिंगला बोलवायला ऑफिसमधून घरी फोन गेला होता. घरच्यांनी सांगितलं, जमणार नाही. मग दिग्दर्शकाने नकला करणारा एक माणूस आणला.

मूळ आवाज वाऱ्यासकट द्या म्हटलं. म्हणाला, सीनचं काम संपल्यावर ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तरी शोधतो.

पुसून टाकलं! फरशी पुसावी तसं!

घरच्यांनी म्हणजे कोणी? मी आईला विचारलं. ती भांडी विसळत होती, मान वर न करता म्हणाली, "मीच उचलला होता. काय सांगणार होते? यांचा आवाज काढून घेतलाय म्हणून? त्या परक्या पोराला?"

मग मला तरी सांगायचंस, म्हटलं. ती म्हणाली, तू चिडली असतीस. दार आपटून मी गाडीत जाऊन बसले. शिकाऊ माणसाच्या शेजारची, जादा ब्रेकची सीट. बाबांची होती, आता माझी. आईवर चिडून काय मिळणार आहे? तरी चिडलेय.

१९ मार्च, बुधवार

काही नाही. बाबांनी मला बघून पाटीवर लिहिलं – "शलळ जा." मी पाटी पुसून टाकली. त्यांनी पुन्हा लिहिलं.

२१ मार्च, शुक्रवार

साउंडवाल्याचा मेसेज. सीन नाही सापडला. सीनच्या आधी माइक तपासताना घेतलेला एक तुकडा मिळाला. "आधी एकट्या ऐका, ताई."

गाडीत बसून काचा वर केल्या. आधी वारा. मग साउंडवाला – काका, काहीही बोला, आवाज तपासायचाय. आणि मग बाबा! घोगरे, सावकाश, माझ्या कानापाशी.

"काहीही म्हणजे काय बोलू? बरं. माझी मुलगी फार चिडकी आहे. सिनेमा बघून म्हणेल, हा माणूस गाडी चालवताना समोर बघत नाही. पण बघेल नक्की. तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठीच आलोय इथे. पुढच्या आठवड्यात घसा काढणार आहेत माझा. घरी अजून सांगितलेलं नाही, हे झालं की सांगेन. तेव्हा आवाज नीट घ्या हं साहेब, त्यांच्याकडे राहायला हवा. एवढं पुरे?"

नुसता वारा. बराच वेळ.

मग साउंडवाला म्हणतो – "थोडं अजून बोला, काका."

तिथेच संपतं.