लग्नाचा विमा

३ नोव्हेंबर, सोमवार
लग्नाचा विमा! आजवर गाड्या विम्यात घातल्या, दुकानं घातली, एकदा तर पिठाची गिरणी घातली. आता राजकुमार साहेब म्हणतात, रत्नमालाताई, लग्नं घ्या. मांडव जळाला, घरात कुणी गेलं, नवरदेवाचा पाय मोडला आणि लग्न रद्द करावं लागलं, तर कंपनी खर्च भरून देणार. महिनाअखेर दहा तरी हवेत म्हणे. मला सोपं वाटलं. जालना रोडला लॉन काय कमी आहेत?

५ नोव्हेंबर
कमी नाहीत, पण तिथं मला उभं कोण करतंय! तात्यासाहेबांच्या लॉनवर गेले. त्यांच्या जनरेटरचा विमा माझ्याकडंच आहे, म्हणून हक्कानं गेले. त्यांनी हात जोडले. "ताई, लोक इथं हळदी लावायला येत्यात. तुम्ही त्यांना मयतीचं काय सांगता?" वर जिलबी खायला घातली आणि गेटपर्यंत सोडायला आले. मी आत परत शिरू नये म्हणून असणार.

८ नोव्हेंबर
एकही नाही.

१० नोव्हेंबर
आज पहिलं गिऱ्हाईक — तेही आपणहून! पाचोडचे कडुबा. पोरीचं लग्न, घाई फार. मी खूश होऊन चहा सांगितला. बोलता बोलता कळलं की त्यांचे वडील दवाखान्यात आहेत, नाकात नळ्या घातलेल्या. तब्येत कशी, विचारलं. "तशी बरीच हाय. पण विमा आजच्या आज व्हईल ना?"

दुपारी दुसरे एक आले. त्यांचा आचारी याआधी दोन लग्नांतून उचल घेऊन पळालेला. तरी त्यालाच धरलंय, कारण मेहुणा आहे!

साहेबांना सांगितलं तर पोट धरून हसले. मग नीट समजावलं. ज्यांचं सगळं सुरळीत आहे ते विमा घेतच नाहीत. ज्यांना आधीच कुणकुण असते ते धावत येतात. त्यांनाच विकत बसलं तर भरपाई देऊन कंपनीच बसेल. मग हप्ता वाढवायचा, मग उरलेसुरले सुरळीतवालेही पळणार. गाडीच्या विम्यासारखी सक्ती असती तर भांडणच नव्हतं. तेव्हा ताई, ज्यांचं लग्न हमखास लागणार, अशी घरं शोधा. कडुबांना नाही म्हणताना माझ्या जिवावर आलं. चहा तेवढा पिऊन गेले.

१२ नोव्हेंबर
हमखास लागणारं लग्न तर माझ्याच घरात आहे! आमच्या संघपालचं, १४ डिसेंबरला. चौतिसाव्या वर्षी जमलंय. किती पोरी पाहिल्या ते आठवायला बसले तर रात्र सरेल. त्याचे बाबा वाट बघता बघताच गेले. हे एवढं लग्न डोळ्यांनी पाहायचंय मला, बाकी काही मागणं नाही. विशाखा पोरगीही गुणाची आहे.

त्याला सांगितलं, घरचाच विमा काढते, लोकांना दाखवायला होईल. तो मोबाइलातून मान वर न काढता 'हं' म्हणाला. माझ्या धंद्याची टिंगल केली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

१५ नोव्हेंबर
विमा लग्न मोडतो! होणाऱ्या विहीणबाईंना, गीताबाईंना, कौतुकानं फोनवर सांगायला गेले. त्यांनी फोनच ठेवला. संध्याकाळी चिकलठाण्याहून सगळं घर आमच्या दारात. "आमच्या पोरीत काय खोट दिसली तुम्हाला?"

मी म्हटलं, खोट कसली, उलट खात्री आहे म्हणून तर काढतेय.

"खात्री हाय तर मग विमा कशाला?"

मी पोह्यांच्या बश्या पुढं केल्या, कुणी हात लावेना. आमच्यात कुणी मुहूर्त बघत नाही, कुंडली बघत नाही, पण असलं अभद्र बोललेलं दोन्ही घरांना खपत नाही. शेवटी सगळ्यांदेखत अर्ज फाडला. मग गीताबाईंनी पोहे घेतले. माझ्यापायी माझ्याच पोराचं लग्न मोडलं असतं.

विशाखा जाताना हळूच म्हणाली, आई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पोरगी खरंच गुणाची.

२१ नोव्हेंबर
लग्नपत्रिका छापून आल्या. झकास दिसतात! विमा एकही नाही. साहेबांनी फोन केला तर उचलला नाही. गेले खड्ड्यात दहा विमे.

२५ नोव्हेंबर
आज ऑफिसात संघपाल आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. मी म्हटलं, डबा विसरले का मी? नाही म्हणाला. मग टेबलाकडं बघत विचारलं, नवरीनं नाही म्हटलं तर कंपनी पैसे देते का?

नाही, म्हटलं. मन बदललं तर काही मिळत नाही.

त्यानं टेबलावरचा लग्नविम्याचा कोरा अर्ज ओढला, उलटून पाहिला.

"आणि नवऱ्यानं म्हटलं तर?"