इंजिनाले आंघोळ

अकोला, २ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस,
प्रीतमचा सविनय जयभीम, वि. वि.

आनंदाची बातमी आहे. तुमची फिरतं घर केलेली गाडी काल चालू झाली. सव्वा वर्ष माझ्या गॅरेजात झाकून पडली होती, जुन्या मॉडेलचे पार्ट मिळता मिळत नव्हते. शेवटी पिस्टन नागपूरहून आणले, आणि काल दुपारी तिसऱ्या सेल्फला इंजिन बोललं. तुझ्या भावजयीनं, नीलमनं, सगळ्यांना गूळ वाटला. मागचे दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, तू शिवलेले पडदे, सगळं जागेवर आहे. ओट्याखाली उंदरांनी संसार थाटला होता, त्यांना घर खाली करायला लावलं.

पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, हे भाऊजींना बजाव. ते तुझं ऐकत नाहीत हे ठाऊक आहे, तरी बजाव. बुद्ध पौर्णिमेला दोघं आरामात बोधगयेला पोचाल.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा प्रीतम

अमरावती, ७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतम,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. फोन करत नाही, कारण आमच्या घरी फोन स्पीकरवरच असतो.

बोधगयेला दोघं जातील खरे, पण त्यातली एक मी नाही. माझ्या जागेवर यांचे ऑफिसातले मित्र कुंदनराव जाणार आहेत. यांचं म्हणणं, जिनं एकदा गाडी मारली तिला परत गाडीत घ्यायचं कशाला. तुला माहीतच आहे, चिखलदऱ्याच्या घाटात वाफा निघून गाडी बंद पडली तेव्हा मी घाबरून पिण्याच्या कॅनमधलं थंड पाणी तापल्या इंजिनात ओतलं. तेव्हापासून लग्नात, विहारात, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा हे सांगतात, आमच्या बाईनं इंजिनाले आंघोळ घातली. लोक हसतात. मीही हसत आले. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण आता घरात गॅसचा रेग्युलेटर बदलायला गेले तरी हे हातातून घेतात.

इंजिन तू उघडलंस. तेव्हा एकच कर. पाण्यानंच गाडी गेली का, ते यांना खरं लिही. गेली असेल तर मी मुकाट्यानं घरी बसेन. पण बोधगया पाहायची माझी फार इच्छा आहे रे.

नीलमला आशीर्वाद. मोठ्या बहिणीवर लोभ ठेव.
तुझी ज्योत्स्नाताई

अकोला, १८ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

दहा दिवस कागद समोर घेऊन बसत होतो. पाण्यानं काही झालं नाही. तू पाणी ओतलंस तेव्हा इंजिन आधीच जाम झालेलं होतं.

चूक माझी आहे. प्रवासाआधी तुम्ही गाडी सर्व्हिसिंगला आणली तेव्हा मी पाण्याचा पाइप काढला होता. आत नट पडू नये म्हणून आम्ही तोंडाशी कापडाचा बोळा कोंबतो. तो काढायचा राहिला आणि मी पाइप वरून कसून टाकला. घाट लागल्यावर पाणी फिरेना, इंजिन भाजून निघालं. गेल्या जूनमध्ये उघडलं तेव्हा बोळा सापडला. गॅरेजात पुसायला तू दरवर्षी जुन्या सुती कपड्यांचं गाठोडं देतेस ना, त्यातलाच होता. तुझ्या शाळेच्या निळ्या लुगड्याचा तुकडा. कोणाला न दाखवता मी तो जाळला.

त्यानंतर तुझ्या नातीच्या नामकरणाला भाऊजींनी आंघोळीचा किस्सा सांगितला. सगळे हसले. मीही हसलो. गॅरेजचं नाव जाईल, भाऊजी तोडून बोलतील, याची भीती वाटली. हे पत्र त्यांना दाखव. त्यांनी काय म्हणायचं ते मला म्हणावं.

रागाव, पण बहीण राहा.
प्रीतम

अमरावती, २६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतम,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सकाळचा चहा चालला होता. यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, मानूस हाये, होते असं. इतकंच. मग विचारलं, गाडी धूर तर नाही मारत? शनिवारी गाडी घ्यायला अकोल्याला येतील. नीलमला वांग्याची भाजी करायला सांगितली आहे. तू उगाच घाबरलास.

मी विचारलं, मग माझी जागा? तर म्हणाले, कुंदनले आता नाही कसं म्हनू, त्यानं रजा बी घेतली. आणि पाणी ओतायची घाई तर तूच केली ना.

बोळा राहिला याचा मला राग नाही. काम करणाऱ्याच्या हातून राहतं. पण जूनपासून तुला ठाऊक होतं. राखीला आलास, पुरणाच्या चार पोळ्या खाल्ल्यास, माझ्याच ताटासमोर बसून. एक वाक्य बोलायचं होतं तुला. मला तो राग आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही.

मी बोधगयेला जाणार आहे. शाळेतल्या सत्यवतीबाईंसोबत रेल्वेनं जाते, बडनेऱ्याहून तिकिटं काढली. यांना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी जेवताना तू सांग. तुझं ते शांतपणे ऐकतात. तुला माफ करेपर्यंत त्यांचा चहासुद्धा निवला नव्हता. मी काहीच केलं नव्हतं, तरी मला माफी मिळायला सव्वा वर्ष पुरलं नाही.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायला सध्या सांगू नकोस.
ज्योत्स्ना