नळीतली पट्टी

सातपूर, नाशिक

प्रिय हर्षू,

फोनवर बोलायला गेले तर मला रडू फुटेल, आणि आठव्या महिन्यात तुला ते ऐकवायचं नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. आधी एक ऐक: तुझं नाव नोंदवलंय त्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत पाऊल टाकू नकोस. तपासणी जुन्या इमारतीतच करून घे.

त्या इमारतीचं काम आपल्या वर्कशॉपला मिळालं तेव्हा बाबांनी शेडभर पेढे वाटले होते. "गुवाहाटीत माझ्या पोरीचं बाळ माझ्या हातच्या लोखंडाच्या आधारानं जन्मणार," असं ज्याला त्याला सांगत होते. तुमच्या त्या भूकंपाच्या मुलखासाठी खांबांच्या मधे तिरपे बसवायचे ब्रेस. लोखंडी नळी, आत पोलादी पट्टी, भोवती सिमेंटचा मसाला. हादरा बसला की पट्टी ताणली जाते, दबते, सगळा जोर स्वतःवर घेते. नळी तिला फक्त वाकू देत नाही. पण पट्टी मसाल्याला चिकटता कामा नये, म्हणून तिला निसरडा लेप देतात.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या खेपेतला एक ब्रेस मी तपासणीसाठी कापायला लावला. लेप जागोजागी फाटलेला, पट्टी मसाल्यात घट्ट रुतलेली. असा ब्रेस ताठच राहतो आणि धक्का खांबांच्या सांध्यांवर ढकलतो. बाबा भडकले. "एक नासका निघाला म्हणून सगळे नासके? गाडी दारात उभी आहे, उज्वला!" मी सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "बाबा, तपासणीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही." तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना आई आमच्या मधे बसायची, भाजीचं पातेलं इकडून तिकडे सरकवायची.

परवा शेडमध्ये गेले तर बाबांनी पहिल्या खेपेतला, इथे जास्तीचा म्हणून उरलेला ब्रेस कापायला घेतला होता. मल्हारीकाकांनी नळी उघडली. आत तीच गत. बाबा तिथेच लोखंडाच्या किसात मट्कन खाली बसले. पहिली खेप तुमच्याकडे केव्हाच बसलीय गं. वरून प्लास्टरसुद्धा झालंय.

तिथल्या इंजिनिअरना मी लगेच फोन केला. ते म्हणाले, इमारत रिकामी ठेवतो, पण सगळं लेखी पाठवा. मी टाईप करायला बसले तर बाबा मागे येऊन उभे राहिले. "पाठव तू. पण मी जातो. माझ्या हातचं आहे, मीच समोर उभा राहून काढवतो." इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

काल ते गुवाहाटीच्या रेल्वेत बसले, हर्षू. तुला कळवू नकोस म्हणालेत, म्हणूनच हे लिहितेय. दारात आले की "तुला बघावंसं वाटलं" असं काहीतरी सांगतील. मान डोलव, काही विचारू नकोस. बीपीची गोळी तेवढी आठवणीनं दे. आणि साइटवर त्यांना एकटं जाऊ देऊ नकोस, मनोजरावांना बरोबर पाठव. तिथे लोक काय काय बोलतील, आणि बाबा उलट एक शब्द बोलणार नाहीत.

जिवाला जप. ते पोचले की नुसता मिस्ड कॉल दे.

तुझीच,
उज्वलाताई