वही कुणाला दाखवायची नाही

काका, मला भीती वाटते आहे. एवढंच लिहून मघाशी पेन खाली ठेवलं, गॅलरीत उभा राहिलो, बेटेगावच्या रस्त्यावरून रविवारीही न थांबणारे टँकर मोजत बसलो आणि परत आलो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमच्यानंतर हे वाक्य मी कुणाला लिहून दाखवलेलं नाही. व्यासपीठावर तर नाहीच. तिथे मी दुसऱ्यांना निर्भय करत हिंडतो.

उद्या सकाळी दहा वाजता रसायनांच्या कारखान्यात चौकशी बसणार आहे. शनिवारी पहिल्या पाळीत ड्रायरमधली भुकटी तापून धुमसली आणि झाकण उघडायला धावलेल्या, माल उचलणाऱ्या एका लोडरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बोईसरच्या दवाखान्यात पडून आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या बारा ऑपरेटरांच्या वह्या उद्या टेबलावर ठेवायला व्यवस्थापकांनी मला सांगितलं आहे. त्यांतल्या एका वहीत या अपघाताचं कारण लिहिलेलं आहे, आणि ते अपघाताच्या आधी लिहिलेलं आहे. म्हणून सगळ्या वह्या मी घरच्या कपाटात कुलपात ठेवल्यात.

वह्यांची ही रीत तुमची. तुम्ही शिफ्टचे इन्चार्ज आणि मी एकवीस वर्षांचा, नुकताच लागलेला, पुस्तकं वाचून डोकं तापलेला ऑपरेटर. दर तासाला तापमान पाहून कागदावर लिहायचं हे माझं काम. मला ते काम कारकुनी वाटायचं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीआधी तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून कागद बघता. एक वाजताचं रीडिंग भरलेलं आहे, दोनचंही. घड्याळात पाऊण वाजलेला. तुम्ही ओरडत नाही. नुसतं विचारता, "दोन वाजता किती असंल ते तुला आत्ताच कसं कळलं? देवानं फोन केलता?" मी म्हणतो, सगळेच भरतात. तुम्ही माझ्या दंडाला धरून मला रिअॅक्टरपाशी नेता आणि दोन वाजेपर्यंत तिथेच उभं करता. स्वतःही उभे राहता. माझा डबा तसाच राहतो, तुमचाही. दोन वाजता काटा मी लिहिलेल्या आकड्याच्या सात अंश वर असतो. "आता लिव," तुम्ही म्हणता. "आनि खाली लिव का तू खोटं लिवलं होतं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कुंभवलीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणलीत. त्यात रोज लिहायचं: आज कुठे घाबरलो, काय केलं, काय करायला हवं होतं. वही ऑफिसात जाणार नाही, साहेबाला दाखवायची नाही, फक्त मी लिहिणार आणि तुम्ही वाचणार. कॅन्टीनमध्ये सुकटीची चटणी आणि भाकरी खाता खाता तुम्ही ती वाचायचात. बोटाला तेल लागायचं म्हणून डाव्या हाताने पान उलटायचात. समासात एकच शब्द लिहायचात: "मग?" त्या एका शब्दाने मला आठवडा आठवडा छळलं आहे. पंप बंद करायला विसरलो, असं लिहिलं की तुम्ही लिहायचात, मग? घाईत होतो, मग? घाई कुणी लावली, ती मी का लावून घेतली, पुन्हा तशी वेळ आली तर काय, असं खणत खणत मी तळाशी जायचो. पुढे पालघरच्या वाचनालयातून आणून शिकण्या-शिकवण्यावरची जाडजूड पुस्तकं मी वाचली. त्यांत हेच होतं, पण वाचताना कधी घाम फुटला नाही.

एक पान तुम्ही मला परत केलं होतंत. तेव्हा मी गेटवरच्या सभांत बोलायला लागलो होतो. टाळ्या पडत होत्या आणि ती भाषा वहीत उतरायला लागली होती. शेजारच्या युनिटमध्ये गॅस सुटला, त्यावर मी दोन पानं लिहिली. नफ्याची भूक, मजुराच्या फुफ्फुसाची किंमत, सगळं काही. आजही मला ते खरंच वाटतं. तुम्ही वाचलंत आणि वही माझ्यापुढे सरकवलीत. "गेटावर बोल हे. चांगलं हाय, माजी बायको पन रडंल." मग म्हणालात, "पन यात तू कुठं हायस? गॅस सुटला तवा तू काय करत होतास?" मी पळालो होतो, काका. वाऱ्याची दिशा न बघता, गॅस येत होता त्याच अंगाला. ते मी लिहिलं नव्हतं.

पुढे युनियनमध्ये वीस वर्षं गेली. मग कारखान्यांनाच कळलं की बोलणारा माणूस सुरक्षेच्या कामाला बरा, आणि मी शिकवणारा झालो. तुमची वही मी सुरू केली. पहिल्याच दिवशी शेडमध्ये भाषण ठोकलं. म्हटलं, माणूस चुकीतून शिकत नाही, चूक लिहून तिच्याकडे बघतो तेव्हा शिकतो. म्हटलं, या वह्या कुणाच्या बापाला दाखवल्या जाणार नाहीत, हा माझा शब्द. बारापैकी दोघं चौघं पहिले दोन महिने 'आज काम चांगले झाले' एवढंच लिहीत होती. चांगलं लिहायला लागली ती एकटी, पस्तिशीची बाई, विक्रमगडकडची, ठेकेदारामार्फत लागलेली. अक्षर मोठं, वाकडंतिकडं. पण तिच्या वहीत ती स्वतः असायची.

मागच्या मंगळवारचं तिचं पान असं आहे: पॅकिंगला माणसं कमी होती म्हणून मला तिकडे बोलावलं. जाताना मी ड्रायरची दोन रीडिंगं आधीच भरली. परत आले तर तापमान खूप वर. वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला तरी वाफ आत जातच होती, म्हणून मेन लाइन बंद केली. मला रडू आलं. कुणाला सांगितलं नाही, कारण रीडिंग खोटं आहे.

बुधवारी मी ते वाचलं. आणि काय वाटलं मला, सांगू? आनंद झाला. इतकं प्रामाणिक पान! हे शिकणं, हाच तो क्षण, असं काहीतरी मनात आलं. मी समासात 'मग?' लिहिलं, खाली तारीख टाकली, वही मिटली आणि पालघरला एका कार्यक्रमात बोलायला गेलो. त्या पानात एक बिघडलेला व्हॉल्व्ह होता. मला त्यात फक्त शिकणारी बाई दिसली.

शनिवारी ड्रायरवर ती नव्हती, दुसरा माणूस होता. त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि बंद झाला असं समजून तो चहाला गेला.

व्यवस्थापक फार गोड बोलतात. "सर, त्या डायऱ्या सोमवारी आणाच. काही नाही, फॉर्मॅलिटी. कोण काय लपवतंय ते कळेल." मी 'नाही' म्हणालो नाही. 'बघतो' म्हणालो. बाहेर पडताना ठेकेदाराचा मुकादम हसत म्हणाला, "क्या सर, डायरी लिखवा-लिखवा के सबको फँसवा दिया?" मी बूट बघत पुढे गेलो.

आज सकाळी कुंभवलीला तिच्या खोलीवर गेलो. दारात बसून ती तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही.

"वही न्यायला आलाव, सर?"

"वही माझ्याकडेच आहे. विचारायला आलोय."

"काय विचारताव? तुमीच बोललाव कोनाला दाखवनार नाय. लय मोठ्यानं बोललाव. माइक बंद पडला तरी पार मागं ऐकू आलं."

मी म्हटलं, तुझं नाव कुठे येऊ देणार नाही. ती सुपातला खडा काढून बाहेर फेकते. "माजं रीडिंग खोटं होतं, ते होतंच. ठेकेदार गेटावर थांबवील, दुसरं काय. घरी दोन पोरी हायेत, तेवढंच." मग हात थांबतो. "सर, तुमी वाचलं होतं ना ते? शनिवारच्या आधी?"

"वाचलं होतं."

"मला वाटलं, सरांनी वाचलं म्हंजे झालं. म्हनून मी परत कोनाला नाय बोलले."

तिच्या आवाजात राग असता तर मी उभा राहिलो असतो. राग नव्हता. तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं आणि मी पायरीवर बसलो.

तिथून दवाखान्यात गेलो. लोडरच्या बायकोने मला ओळखलं. "तुमीच ना ते सेफ्टीचं बोलता?" तिने मला बसायला स्टूल दिला आणि स्वतः उभी राहिली. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या बांधून तो झोपला होता. झोपेत त्याचे ओठ हलत होते. मी पाच मिनिटांत निघालो.

आता माझी भीती नीट लिहितो, तुम्ही लिहायला लावायचात तशी. दोन दिवस मी स्वतःला सांगत होतो की मला त्या बाईसाठी भीती वाटते, वह्या दिल्या तर तिची नोकरी जाईल. खरं आहे ते. आणि वह्या दिल्या तर या औद्योगिक वसाहतीत पुन्हा कुणी खरं लिहिणार नाही, हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टींवर मी एक तास न थांबता बोलू शकतो आणि टाळ्या वाजवत सगळी शेड उभी करू शकतो. पण त्या पानाच्या समासात माझं अक्षर आहे आणि माझ्या हातची तारीख आहे. वह्या कपाटात राहिल्या तर ती बाई वाचते, आणि तिच्या आडोशाने मीही वाचतो. माझा शब्द, माझं तत्त्व आणि माझी कातडी एकाच कपाटात, एकाच कुलपात आहेत. किल्ली फिरवताना आपण नेमकं काय राखतोय ते मला कळत नाही. म्हणून घाबरलोय.

तो व्हॉल्व्ह अजून तसाच आहे. ड्रायर पुसून ठेवलाय, मंगळवारपासून पुन्हा सुरू करणार आहेत. कोणी काही बोललं नाही तर चौकशीत ठरेल की झाकण उघडणाऱ्याची चूक.

मी ठरवलं आहे. वह्या द्यायच्या नाहीत. उद्या तोंडाने सांगायचं: तो व्हॉल्व्ह बंद होत नाही, हे मला बुधवारी कळलं होतं आणि मी कुणाला कळवलं नाही. कुणाकडून कळलं ते सांगणार नाही. माझं काय करायचं ते करा. तीन वाक्यं आहेत. याहून लहान भाषण मी जन्मात केलेलं नाही. यानंतर मला शिकवायला कोण ठेवील, शेडमधली माणसं माझ्याकडे कशी बघतील, लोडरची बायको पुन्हा स्टूल देईल का, हे मला माहीत नाही.

तुम्ही असतात तर ही पानं कॅन्टीनमध्ये तुमच्यापुढे सरकवली असती. आता ती कुठे जाणार नाहीत. कुंभवलीतलं तुमचं घरही तुमच्या मुलाने विकलं.

एक सांगायचं राहिलं. दुपारपासून ती तीन वाक्यं मी इथे मोठ्याने तीनदा म्हणून पाहिली. आवाज चांगला लागला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "कुठला कार्यक्रम आहे?" आणि तिन्ही वेळा, काका, मी 'बुधवारी' म्हणालो नाही. 'काही दिवसांपूर्वी' म्हणालो.