आईंचा प्लाझ्मा

४ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला प्लाझ्मा टीव्ही सुखरूप पोचला. वर चढवायला चार माणसं लागली. त्यातला एक तुमचा दादा होता, म्हणजे तीनच धरा. आपण नवा पातळ टीव्ही घ्यावा आणि जुना भंगारात न देता आईला द्यावा, हे सुचायलाही मोठं मन लागतं. जावईबापूंना आमचे आभार सांगा.

चित्र फार सुरेख दिसतं. फक्त अर्ध्या तासाच्या वर दिसत नाही. मध्येच 'खट्' होतं, पडदा काळा पडतो आणि खालचा लाल दिवा डोळे मिचकावत बसतो. रिमोटला मुळीच दाद देत नाही. उठून कडेचं मोठं बटण बंद करून परत चालू केलं, की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. तुमच्याकडेही असंच करायचा, की आमच्याकडे त्याला करमत नाही?

आईंच्या खुब्याचं हाड जुळलं, टाके निघाले, डॉक्टर खूश आहेत. चालायचं तेवढं राहिलंय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या की आई डोळे मिटून घोरायला लागतात. वॉकरवर आता आम्ही टॉवेल वाळत घालतो. मी दिवसभर दातांच्या दवाखान्यात काउंटरवर, दादा ऑफिसात. टीव्ही गेला की आई संध्याकाळपर्यंत काळ्या पडद्याकडे बघत पडून राहतात आणि मी आल्या आल्या मलाच ऐकवतात, जणू मी जाताना चित्र पर्समध्ये घालून नेलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता उठल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. म्हणून हे पत्र. फोन त्यांच्या उशाशीच असतो.

आहे तो लोभ टिकावा, टीव्हीचं काय ते तुम्ही कळवा.
वहिनी

१२ जून

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

टीव्ही आमच्याकडे कितीतरी वर्षं बिनतक्रार चालला. माणसं बघून वागत असेल. मी ऑफिसात कॉम्प्युटर नुसता वापरते, दुरुस्त करत नाही, हे आपल्या घरात अजून कोणालाच पटलेलं नाही. तरी सांगते.

आधी त्याची पिन दुसऱ्या प्लगात लावून बघा, इस्त्रीच्या शेजारी नको. मग सेटिंगमध्ये जाऊन तो ठरावीक वेळाने बंद होण्याचं कोणी लावून ठेवलंय का ते पाहा. आणि मुख्य म्हणजे प्लाझ्मा फार तापतो. मागच्या जाळीतली धूळ काढा, भिंतीपासून हातभर पुढे घ्या. कोणी हौसेने त्याच्यावर कापड पांघरलं असेल तर ते काढा. जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. हुशार आहे, आपल्या घरात शोभत नाही. दादाला त्याच्या पाठीत धपाटे घालू देऊ नका.

आईबद्दल वाचून जीव खाली-वर झाला. रजेचा अर्ज दिलाय. साहेब म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' मला पाठ आहे.

रागावलात तरी लिहीत राहा.
तुमची,
वन्सं

२३ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

सगळं केलं. प्लग बदलला, सेटिंग तपासलं, तिथे काही नव्हतं. वर विणलेलं कव्हर होतं. ते कोणी घातलं हे विचारल्यावर दादा खिडकीबाहेर बघू लागला. जाळीतून मूठ-मूठ धूळ निघाली. ती इतक्या वर्षांची होती, म्हणजे तुमच्याच घरची. हवी असेल तर पाठवते.

आता तो तासभर चालतो, मग खट्. दादाने मेकॅनिकला निरोप दिलाय, तो उद्या येतो असं रोज सांगतो.

पण एक चमत्कारिक गोष्ट. गेले काही दिवस मी संध्याकाळी येते तेव्हा टीव्ही चालू असतो! सकाळी लावून जाते, तासाभरात गेलाच पाहिजे, मग संध्याकाळी चालू कसा? दादा म्हणाला, त्याने चुकून एक धपाटा घातला होता, त्याचा हा गुण. आईंना विचारलं तर म्हणाल्या, असेल चालू, मी काय त्याची राखणदार आहे? आपोआप पेटणाऱ्या यंत्राबरोबर म्हातारं माणूस एकटं ठेवायचं मला भय वाटतं. लवकर कळवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
वहिनी

३० जून

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. असा बंद पडलेला टीव्ही आपोआप सुरू होत नाही. दोन जाणकारांना विचारलं, दोघंही हसले. बटण दाबल्याशिवाय तो उठणार नाही. बटण टीव्हीच्या कडेला, टीव्ही भिंतीशी, आणि आईचा पलंग समोर खिडकीपाशी. घरात दुसरं कोणी नाही. मला जे वाटतंय ते लिहायचं धाडस होत नाही. एक दिवस न सांगता दुपारी घरी या.

वाट बघतेय.
वन्सं

५ जुलै

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

काल डोकं दुखतंय असं सांगून दुपारीच निघाले. दार हळूच उघडलं आणि चपला हातात घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिले. टीव्हीवर कोणाचं तरी लग्न मोडत होतं. ऐन मोक्याला खट्! आईंनी त्याला मेल्या म्हटलं, मुडद्या म्हटलं, आणखी एक म्हटलं ते मी लिहीत नाही. मग कॉट धरून उठल्या. वॉकरवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाल्या. वन्सं, चालत! पाऊल, मग थांबणं, मग पाऊल. टीव्हीपाशी पोचून बटण दाबलं, लग्न मोडल्याची खात्री करून घेतली आणि तशाच परतल्या. टॉवेल पुन्हा नीट वाळत घातला.

मला रडू आवरेना. तशीच बाहेर जाऊन जिन्यावर बसले. आणि नेमका तेव्हाच तो मेकॅनिक उगवला. खरेखुरे दोष कोणते असतात ते त्याने जिन्यातच सांगितले. पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील, तासाभराचं काम, पक्का करून देतो. मी म्हटलं, मुळीच पक्का करू नका. तो माझ्याकडे बघत बघत खाली उतरला.

दादाला सांगितलं, हा टीव्ही रोज बंद पडलाच पाहिजे. तो म्हणाला, असंच असेल तर मी धपाटे घालत जाईन.

तुमच्या भंगाराबद्दल बोलले त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण पुढच्या वेळीही भंगारच पाठवा.

तुमचीच,
वहिनी

१७ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा प्लाझ्मा मेला. मागच्या आठवड्यात खट् झालं ते शेवटचंच. बटण दाबून माझं बोट दुखलं, दिवासुद्धा लागला नाही. मेकॅनिक म्हणाला, वेळेवर दाखवला असता तर वाचला असता. तुझी वहिनी त्याच्याकडे बघेना, दादा माझ्याकडे बघेना. मला वेडी समजतात दोघं.

नव्याचं बोलणं काढलं तेव्हा मी नको म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे टीव्ही आहे. कठड्याला धरून एक जिना उतरते. वहिनी घरी असली की मागून येते आणि मी वळले की रुमाल शोधल्याचं सोंग करते. शिंपीणबाईंचा टीव्ही बंद पडत नाही, आणि त्यांचं तोंडही. काल मालिकेत कोण मेलं ते मला त्यांच्या बडबडीत कळलंच नाही. आज विचारायला जायचंय.

तुला वाटत असेल, आई इतके दिवस का उठली नाही. सगळे समोर उभे राहून चला, चला म्हणायचे, आणि माझे पाय गळून जायचे. त्या दिवशी न्हाणीत पडले तेव्हा दादाचा चेहरा मी पाहिला होता. पुन्हा पडले तर तो चेहरा बघायला नको होता. एकटी असताना पडले असते तर मी आणि तो टीव्ही, दोघांतच राहिलं असतं. हे वहिनीला सांगू नकोस, लगेच जवळ येऊन बसेल.

तुला रजा मिळाल्याचं दादा म्हणाला. ये. हात हलवत ये, काही आणू नकोस. दुपारी आलीस तर दार वाजवत बसू नकोस, मी घरी नसेन.

तुझी,
आई