दाढा येत नव्हत्या, दादा

९ मार्च

ती. दादास नमस्कार.

आई बरी आहे. चष्म्याची काडी बदलून आणली. मी तीन दिवस आपल्या दवाखान्यात आले नाही, फोन उचलले नाहीत, म्हणून तू तिच्यापाशी कुरकुरलास, "रुसली असेल." एक्केचाळीस वर्षांची मुलांची डॉक्टर रुसते, हे तुझं निदान! तुझी निदानं अशीच असतात.

समोरच्या शिवणकामवाल्या बाईंच्या पोरीचंच घे. दोन वर्षांची. ताप, सारखी लाळ, घास तोंडाशी नेला की किंचाळायची. तू खुर्चीतून उठलाही नाहीस. "दाढा येताहेत," म्हणालास आणि वर अँटिबायोटिक ठोकून दिलंस. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला.

टॉर्च मी लावला होता. हिरड्या सुजून लालभडक, बोट लागलं की रक्त. जिभेवर, ओठांच्या आत बारीक फोड, काही फुटलेले. हर्पीसच्या विषाणूचा पहिला हल्ला. नवशिक्यालाही ओळखता यावा असा. तापाचा दुसराच दिवस होता. तीन दिवसांच्या आत विषाणूचं औषध सुरू केलं तर दुखणं लवकर आटोपतं. मी तसं म्हटलं, तर तू बाईंसमोर हसलास. "आमच्या ताईसाहेबांना लाळ दिसली की विषाणू दिसतो."

दोन दिवसांनी पोर आली ती पार गळून. रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नाही. सकाळपासून लघवी नाही. तू तेव्हा कुठल्याशा सभेत बालआरोग्यावर भाषण ठोकत होतास. मी सलाईन लावलं, वजनाप्रमाणे वेदनाशामक दिलं, नवे फोड येतच होते म्हणून उशिरा का होईना ते औषधही सुरू केलं. बाई सिरिंजने गार दूध थेंबथेंब पाजत बसल्या. तिसऱ्या दिवशी पोरीने स्वतःच पेला ओढला. तेवढ्यात तू आलास, तिचा गाल थोपटलास. "बघा, आमच्या औषधाचा गुण!" बाईंनी तुलाच हात जोडले.

इथवर मी फार शहाणी दिसते, नाही का?

पहिल्या दिवशी तू हात धुवायला आत गेलास, तेव्हा बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "दादा म्हणतात ते बरोबर आहे."

तुला कळत नव्हतं. मला कळत होतं. मग मधल्या दोन दिवसांतल्या किंचाळ्या कोणाच्या माथी मारायच्या?

काल त्यांच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"दादाचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता."

"माझी पोर तडफडली तरी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आजवर तुझ्याकडे मनातल्या मनात पाहत आले. मग पुन्हा मशीन सुरू केलं.

पाटीवरचं माझं नाव खोडून टाक. मी परत येणार नाही.

तुझ्या प्रत्येक चुकीला आजवर मान डोलावणारी,
धाकटी