आतल्या चाकाचा आवाज

६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काचा गुंडाळायच्या कागदावर पत्र लिहिते आहे म्हणून नाक मुरडू नका. तुमचा फोन महिनाभर 'बिघडलेला', आणि दर रविवारी मी निघाले की कुणाकडून तरी तुमचा निरोप येतो, येऊ नकोस. कधी आत्याला सर्दी, कधी घराचा रंग. मग करायचं काय माणसाने?

बातमी मोठी आहे. काचकारखान्याने दुकानांच्या दर्शनी काचा पोचवून बसवायचं काम मला दिलंय. आजवर खिडक्यांच्या काचा बसवत होते, आता माणसापेक्षा उंच तक्ते. माझ्या जुन्या छोट्या गाडीच्या आवाक्यातलं हे काम नाही, म्हणून नवी पिकअप घ्यायची. विक्रेत्याकडे दोन उभ्या आहेत. रंग, नाक, दिवे सगळं जुळ्या बहिणींसारखं. फक्त एकीला मागे एकेक चाक आणि दुसरीला प्रत्येक बाजूला जोडी. वीस तारखेपर्यंत सांगायचं आहे.

माझा कल जोडचाकांकडे आहे. उभ्या काचा वळणावर डोलतात, सगळा भार एका अंगाला येतो, आणि टायर फुटला तर काचांच्या पुढ्यात मीच बसलेली असणार. हे मला कुणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी तुमचं हो आल्याशिवाय चावी घेणार नाही. चाळीस वर्षं टायरचं दुकान चालवलेला माणूस घरात असताना मी दुसऱ्या कुणाला विचारू?

आत्याला नमस्कार. माझ्यावर माया ठेवा आणि फोन दुरुस्त करा.

तुमची,
ठकू


१० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. कामाचं वाचून छाती फुगली. तुझी आई असती तर सगळ्या आळीला सांगत फिरली असती.

गाडीचं म्हणशील तर एकेरी घे. जोडचाकांची गाडी मागून रुंद असते, तुझ्या दुकानाच्या गल्लीत वळताना दोन्ही भिंती खरवडशील. रिकामी असली की हाडं खिळखिळी करते, ओल्या मातीत घसरते. दोन टायरांच्या मधे दगड अडकला तर काढता काढता नाकी नऊ येतात. शिवाय सहा टायर सांभाळायचे. काचा जास्त असल्या तर दोन फेऱ्या कर. चाक कसं डोळ्यांसमोर असावं, बघितलं की कळलं पाहिजे. माझं मत विचारलंस, ते हे. आता त्यावर वाद नको.

रविवारी येऊ नकोस. घराचा रंग अजून ओला आहे. जेवणखाण वेळेवर करत जा, काचा उचलताना हातमोजे घालत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझे,
बाबा

ता. क. ठकू, हे मी लिहितेय, आत्या. पाकीट चिकटवायला दादाने माझ्याकडे दिलं म्हणून बरं. घराला रंगबिंग काही काढलेला नाही. फोनही धडधाकट आहे. दाराची घंटा वाजवून वाजवून माणसं परत जातात आणि दादा दारामागेच पेपर वाचत बसलेला असतो. विचारलं तर माझ्यावरच खेकसतो. मी काही बोलले नाही असं समज.


१३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. अक्षर तुमचं आहे, मत कुणाचं आहे? विटा वाहणाऱ्याने एकेरी चाकांवर जास्तीचा माल भरला तेव्हा तुम्ही त्याला भर रस्त्यात झापलं होतंत. बायकापोरं आहेत की नाही घरी, असं विचारलं होतंत. मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्याच तोंडाने मला एकेरी घे म्हणता? आणि एका दुकानाची काच अर्धी करून दोन फेऱ्यांत कशी न्यायची, तेही सांगा.

मला एक आठवतं. जोडचाकांची गाडी आली की तुम्ही चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आतल्या टायरवर टोला मारायचात आणि मला विचारायचात, भरलंय की बसलंय? टण्ण आलं तर भरलेलं, थप्प आलं तर बसलेलं. आतलं चाक बसलं तरी बाहेरचं गपचूप त्याचा भार उचलतं, डोळ्यांना काही कळत नाही, आणि एक दिवस बाहेरचंही तापून फुटतं. म्हणून ते कानाने बघायचं, असं म्हणायचात.

बाबा, तुम्हाला ऐकू कमी येतंय का? वाकडं विचारत नाही, सरळ विचारते. खरं कारण सांगून एकेरी म्हणालात तर मी एकेरी घेईन. पण मग काचा जेवढ्या असतील तेवढ्या मागच्या त्याच दोन चाकांवर जातील, हे लक्षात ठेवून उत्तर द्या.

रागावलात तरी चालेल, परके करू नका.

ठकू


१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तीन कागद फाडले, हा चौथा.

येतंय कमी. वर्षभर होत आलं. डावा कान जवळजवळ गेला, उजवाही त्याच वाटेवर आहे. हे कळलं असतं तर तू काळजी केली असतीस, एवढंच असतं तर मी सांगितलंही असतं. पण गोष्ट तेवढी नाही.

नोव्हेंबरात दूधगाडीवाले आले होते. माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मी सवयीने टॉमी मारली, टण्ण ऐकलं, जा म्हटलं. डाव्या बाजूचं आतलं चाक बसलेलं होतं. उतारावर बाहेरचं फुटलं, गाडी भिंतीला घासत गेली, त्यांचा हात दोन ठिकाणी मोडला. हवामापक हाताशी होता गं. पण आतल्या चाकाच्या हवेच्या नळीपर्यंत तो न्यायला वाकावं लागतं, आणि मी जन्मभर कानाने हवा मोजलेली. त्या दिवशी मी आवाज ऐकला नाही ठकू, मला तो आठवला. चाळीस वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की टोला मारला की तो आपोआप येतो.

हात गळ्यात बांधून ते मला भेटायला आले. टायरच जुना होता, तुमचा काय दोष, म्हणाले. मी ते तसंच राहू दिलं. आठवडाभरात दुकानाला कुलूप लावलं आणि तुला गुडघ्यांचं कारण सांगितलं.

तू जोडचाकांची गाडी घेणार, रविवारी दारात उभी करणार, बाबा बघा म्हणणार. आणि मी टण्ण ऐकून तुला जा म्हणणार. म्हणून एकेरी म्हटलं. तुला चुकीचं सांगतोय हे लिहिताना कळत होतं. माझी लाज झाकायला मी तुला दोन चाकांवर पाठवत होतो.

जोडचाकं घे. आणि तपासायला दुसरा माणूस शोध.

बाबा


१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी राग सांगते, मग बाकीचं. कान गेला याचा राग नाही. मला जाणूनबुजून चुकीचं सांगितलंत याचा आहे, आणि तो बराच आहे. दोन दिवस काच कापताना लक्ष तुमच्या पत्रात होतं. एक तक्ता फुटला, तो तुमच्या नावावर.

आता बाकीचं. जोडचाकांची गाडी घेतली. आतल्या चाकांच्या हवेच्या नळ्या बाहेरपर्यंत वाढवून घेतल्या आहेत, म्हणजे मापक लावायला वाकायला नको. पण दुसरा माणूस वगैरे मी शोधणार नाही. रविवारी सकाळी दहाला येते. रंगाचं कारण सांगाल तर ब्रश घेऊन येईन. तुम्ही टोला मारायचा, मी ऐकायचं. भरलेलं असेल तर हात वर करीन, नसेल तर मान हलवीन. पायरीवर बसून हेच तर करत होते मी. फरक इतकाच की तेव्हा उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असायचं.

दूधगाडीवाल्यांबद्दल मी काही लिहीत नाही. ते तुमचं तुम्हाला कळतं.

राग आणि माया दोन्ही आहेत, दोन्ही ठेवून घ्या.

ठकू


४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रविवारी तुझ्यासमोर बोलायला जमलं नाही, म्हणून पुन्हा पत्र. गाडी देखणी आहे. तुझी आत्या म्हणते मागून अगदी तिच्यासारखी.

उजवीकडची दोन झाली, तू हात वर केलास. डावं बाहेरचं झालं, हात वर. मग डावं आतलं. मी टॉमी मारली आणि मला टण्ण ऐकू आलं. शपथ घेऊन सांगितलं असतं, इतकं स्वच्छ. मी पुढे सरकणार तेवढ्यात तू मान हलवलीस. मापक लावला तर हवा निम्मी. कारखान्याच्या आवारात टायरात घुसलेला खिळा तू मला काढून दाखवलास आणि हसलीस. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू पहिल्या काचा भरणार होतीस.

तू गेल्यावर मी खिळा खिशात टाकून दूधगाडीवाल्यांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. टायर जुना नव्हता, माझे कान जुने होते, म्हटलं.  ते काही बोलले, पण मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा म्हणायचा धीर होईना, तरी म्हटलं. त्यांनी माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून सांगितलं, नोव्हेंबरातच का नाही आलात.  मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी बऱ्या हाताने मला चप्पल पुढे करून दिली.

शुक्रवारी आत्या मला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. यंत्र मिळालं तरी आतल्या चाकाचं काम मी त्याच्यावर सोडणार नाही. टॉमीला तेल लावून ठेवलंय. दर रविवारी ऐकायला येत जा.

तुझे,
बाबा